देठातली बांगडी

१

भादव्यात पहाटेचं आभाळ कडाडलं की तांड्यातल्या बाया हातातलं काम हातातच ठेवतात. कोणाचा हात शेणात असतो, कोणाचा जात्याच्या खुंट्यावर, पण कान सगळ्यांचे एकाच गोष्टीकडे. आभाळ कडाडलं म्हणजे भुई उकलली, आणि भुई उकलली म्हणजे टेकोडे निघाले! अळंबी म्हणा, भुईछत्र म्हणा. मानोऱ्याच्या बाजूला त्याला टेकोडे म्हणतात, आणि नुसतं नाव घेतलं तरी तोंडाला पाणी सुटतं. वारुळाच्या अंगाखांद्यावर निघणारे, पांढरे, लुसलुशीत, मटणाला मागे सारणारे. वर्षातून थोड्या दिवसांचा खेळ. ज्याला सापडले तो राजा, ज्याला नाही सापडले त्याने शेजारच्या चुलीचा वास घेत बसावं.

जमनाने शेणाचं टोपलं खाली ठेवलं आणि धुतल्या हाताने पोट चाचपलं. पाचवा महिना होता. याआधी दोनदा तिला दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा याच महिन्यात सगळं आटोपलं होतं. या वेळी तसं होऊ द्यायचं नाही, एवढी एकच गोष्ट तिच्या डोक्यात होती. बाकी जगात काय चाललंय याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. मागच्या दिवाळीला सारं वऱ्हाड मध्य प्रदेशातून उठून मुंबई राज्यात गेलं, म्हणे. जमनाला विचाराल तर ती म्हणाली असती, जाऊ द्या, माझं लेकरू जागेवर राहिलं म्हणजे झालं.

आणि लेकरू जागेवर कशाने राहतं, हे तिला ठाऊक होतं. तांड्यात सगळ्यांनाच ठाऊक होतं. तिची सासू गोमतीबाई दर भादव्यात एकटी रानात जायची आणि टोपलंभर टेकोडे घेऊन यायची. ज्या बाईची कूस टिकत नसे तिला त्यातले खायला घालायची, आणि ती बाई पुढच्या साली पाळणा हलवत बसायची. जागा मात्र तिने कोणाला सांगितली नाही. पोटच्या पोरालाही नाही.

मागच्या भादव्यात, जमनाचं दुसरं लेकरू गेल्यावर, गोमतीबाई सुनेच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली होती, "आता तुह्यासाठी आणतो. रडू नको." ती गेली ती गेलीच. नाल्याच्या काठाला टोपलं सापडलं. कोणी म्हणालं बिबट्या, कोणी म्हणालं पूर. उदयसिंगने, म्हणजे जमनाच्या नवऱ्याने, पूर धरला आणि आईचे दिवस केले.

"आज कुठं जाऊ नको," बैल सोडता सोडता उदयसिंग म्हणाला. त्याने तिची नजर ओळखली होती. "मी पोहरादेवीले नवस बोललो हावो. देवी पाहून घेईन."

"नवस तुमी बोलले, टेकोडे मी आणतो," जमना म्हणाली. "दोन्ही होऊ द्या ना. एकानं दुसऱ्याचं काय बिघडते?"

उदयसिंगला हसू आलं. बायकोपुढे त्याचं कधी चाललंय?

२

बाकीच्या बाया ओळखीच्या वारुळांकडे पळाल्या. जमना पळाली नाही. तिने वर्षभर डोकं चालवून ठेवलं होतं. तांड्याभोवती सगळी काळी माती, पायाला लागली की कुळकुळीत. पण गोमतीबाई टेकोडे घेऊन यायची तेव्हा तिच्या टाचांना पांढरा मुरूम असायचा आणि घागऱ्याच्या काठाला धावड्याच्या झाडाचा डिंक. पांढरा मुरूम कुठे? नाल्यापलीकडच्या उतारावर. धावडे कुठे? तिथेच, उताराच्या पोटात. एवढं साधं गणित साऱ्या तांड्याला सुटलं नव्हतं, आणि आपल्याला सुटलं म्हणून जमना नाला ओलांडताना स्वतःशीच हसत होती.

धावड्यांच्या आत शिरली आणि ती जागीच थांबली.

समोर तिच्या डोक्याएवढं उंच वारूळ होतं, आणि त्याच्या बुडापासून खांद्यापर्यंत टेकोडेच टेकोडे! काही बोटाएवढे, टोक काढून उभे. काही उघडून वाटीएवढे झालेले. किती म्हणून पाहावे! जमनाने आनंदाने स्वतःच्याच तोंडावर हात दाबला. ओरडली असती तर जागा सगळ्यांना कळली असती.

तिने पटापट मोडायला सुरुवात केली. गोमतीबाईने एक गोष्ट तिला शिकवली होती, गावालगतच्या साध्या वारुळावर: टेकोडा मातीच्या वर मोडून घ्यायचा. उपटायचा नाही. मूळ ज्याचं त्याला राहू द्यायचं. का, ते विचारलं तेव्हा सासूने नुसतं हातावर चापट मारली होती.

टोपलं अर्धं झालं तेव्हा जमनाच्या लक्षात आलं की एकाही टेकोड्याला किडा नाही. माशी नाही. मुंगी नाही. भादव्यात रानात कान बधिर करणारी किरकिर असते, ती इथे नव्हती. पण चांगला माल मिळत असताना किडा का नाही म्हणून कोण रडतं? ती वारुळाला वळसा घालून मागे गेली.

मागच्या बाजूला एकच टेकोडा होता. मोठा, उघडलेला, मनगटाएवढ्या जाड देठाचा. आणि त्या देठात बांगडी होती.

पांढरी, हाडाची. टेकोडा तिच्यातून वर आला होता आणि वर छत्री उघडली होती. बांगडीवर तापल्या सुईने पाडलेले तीन काळे ठिपके होते. ही खूण जमना झोपेतही ओळखली असती. सासूचे पाय चेपताना, सासू भाकरी थापताना, केस विंचरताना हे ठिपके तिने रोज पाहिले होते.

तिचे डोळे भरून आले. तांड्यात सासूची बांगडी सुनेच्या हातात जाते, ही रीतच आहे. मरताना सासू स्वतः चढवते. गोमतीबाईला ते जमलं नव्हतं, म्हणून तिने ती इथे ठेवली, असं जमनाला वाटलं. माझ्यासाठीच ठेवली! ती खाली बसली आणि भान विसरून तिने दोन्ही हातांनी टेकोडा धरून वर ओढला.

तो आला. मूळही आलं, सुतळीसारखं, पांढरं. ती ओढत गेली आणि ते येत गेलं, वीतभर, हातभर, आणखी. एवढं लांब मूळ तिने पाहिलं नव्हतं. तांड्यात दाखवलं तर बाया बोटं चावतील, असा विचार करून तिने आणखी जोर लावला.

तेव्हा खालून कोणीतरी ओढलं.

एकदाच. विहिरीवर बादली भरली की खालचा माणूस दोराला हिसका देतो ना, तेवढंच. मूळ तटकन तुटलं आणि जमना मागे मुरमावर बसली. हातात देठ होता, देठात बांगडी होती, आणि भोकातून बारीक माती आत घरंगळत होती.

घूस असेल, तिने स्वतःला सांगितलं. उंदीर असेल. वारुळात काय काय राहतं! तिने बांगडी काढून मनगटात चढवली, तिच्या स्वतःच्या बांगड्यांच्या खाली. अगदी बेताची बसली. मग टोपलं उचलून ती जी निघाली ती नाला ओलांडेपर्यंत मागे वळली नाही.

३

त्या दुपारी उदयसिंगच्या घरात सण होता. कांदा, तिखट, वरून ज्वारीचं थोडं पीठ पेरलेलं, आणि गरम भाकरी. वास तांड्याच्या दुसऱ्या टोकाला गेला. शेजारची म्हातारी कमलीबाई आधी दारात आली, मग आत आली, मग ताट घेऊनच बसली.

"काय वं, कुठं गवसले?" तिने विचारलं.

"रानात," जमना म्हणाली.

"रानात! म्या म्हटलं आभायात गवसले असतीन." कमलीबाईने घास घेतला आणि डोळे मिटले. "अगदी गोमतीच्या हातचे. तीच चव, माय."

जमनाने पहिला घास गिळला आणि पोटात काहीतरी हललं. ती घास हातातच धरून बसली. पुन्हा हललं. पाखरू चोच मारतं तसं, आतून, टुक टुक. मागच्या दोन्ही वेळा इथवर मजल गेलीच नव्हती.

"अवो! हललं!" ती ओरडली. "लेकरू हललं!"

उदयसिंग जेवणातून उठून आला आणि उष्टा हात तसाच वर धरून डावा हात तिच्या पोटावर ठेवून बसला. हललं तसा तो लहान पोरासारखा खिदळला. तिघंही हसली, कमलीबाईने कडाकडा बोटं मोडून दृष्ट काढली. जमनाला वाटलं, झालं, जिंकलो आपण! आता कोणी आपलं काही घेत नाही.

त्या हसण्यातच कमलीबाईची नजर तिच्या मनगटावर गेली. हसणं थांबलं.

"हे कुठून आणली?"

"सासूची हाये. मले सापडली."

कमलीबाईने हातातला घास ताटात ठेवला. ताटात दोन घास राहिले होते. ते तसेच ठेवून ती उठली. टेकोड्याचे दोन घास ताटात ठेवून उठणारी कमलीबाई तांड्याने कधी पाहिली नव्हती.

दिवेलागणीला जमना चूल सारवत होती तेव्हा तिला आवाज आला. टक. टक टक. भुईच्या खालून. दोन हाडाच्या बांगड्या एकमेकींवर आपटाव्यात असा. तिने स्वतःचा हात पाहिला. हात तर स्थिर होता.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात टेकोडे निघाले होते.

ज्या कोपऱ्यात गोमतीबाई अंथरूण टाकायची तिथे, सारवलेल्या भुईला भेगा पाडून, पांढरी टोकं वर आली होती. बातमी तांडाभर व्हायला कितीसा वेळ! बाया वाट्या घेऊन आल्या, पोरं दारात लोंबकळली, खुद्द नाईक, तांड्याचा मुखिया, आपल्या पागोट्यासकट वाकून पाहून गेला. "लक्ष्मी आली बाप्पा, घरातल्या घरात!" तो म्हणाला. सगळ्यांना घासघास मिळाला. सगळे खूश. जमनाही खूश होती. पोटातलं लेकरू उड्या मारत होतं.

तिसऱ्या दिवशी कोपऱ्यातून चुलीपर्यंत टेकोडे आले. चौथ्या दिवशी चुलीपासून बाजेच्या पायापर्यंत. आडवेतिडवे नाही, एकामागे एक, पायवाटेने माणूस यावा तसे.

"घराखाली उधई लागली," उदयसिंग म्हणाला. तो शहाणा माणूस होता, आणि शहाण्या माणसाला कारण लागतं, मग ते वाळवीचं, म्हणजे उधईचं का असेना. "उधईच्या घरट्यातूनच टेकोडा निघते. आन् तो आवाज? उधई डोकं आपटते. म्या सागाच्या खोडाले कान लावून ऐकला हाये."

जमनाला हे पटलं. पटवून घेतलं म्हणा. त्याने कुदळ आणून कोपरा हातभर खणला. खाली कोरडी काळी माती. उधई नाही, भोक नाही, मूळ नाही. त्याने तरी रॉकेल ओतलं, माती लोटली, वरून जमनाने सारवलं. आवाज दिवसभर बंद होता. उदयसिंगने मिशीवर ताव दिला.

संध्याकाळी जमना बाजेवर जरा आडवी झाली. टक, झालं खाली. आणि लेकराने लाथ मारली.

टक टक. दोन लाथा.

ती श्वास रोखून पडून राहिली. योगायोग असतो माणसाच्या आयुष्यात. आवाजाने लेकरू दचकतही असेल. पण मग थोडा वेळ काहीच झालं नाही, आणि आधी लेकराने लाथ मारली, एक, लांबवून दुसरी, आणि तिसरी. जमनाने ओठ दाताखाली धरला.

बाजेच्या खालून, बरोबर तिच्या पाठीखालून, उत्तर आलं. टक. थांबून टक. आणि टक.

५

सकाळी ती कमलीबाईच्या दारात जाऊन बसली. म्हातारी तूर निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"काकी, तुमाले माहीत हाये. सांगा."

"मले काही माहीत नाई," कमलीबाई म्हणाली. "जे दिसलं तेवढं सांगतो. गोमतीचा नवरा गेला तवा तिनं दंडावरच्या बांगड्या, बलिया, उतरवल्या. मनगट ते कोपर हात भरून होता. मंग दर भादव्यात एक कमी. म्या इचारलं, कुठं गेली वं? म्हणे, वाढवली."

फुटली असं कोणी म्हणत नाही, वाढवली म्हणतात. पण काचेची बांगडी वाढते. हाडाची कशी वाढावी?

"माह्या रतनसिंगच्या टायमाले एक कमी झाली," म्हातारी तुरीच्या सुपाकडे पाहत म्हणाली. "म्या खाल्ले टेकोडे, रतनसिंग झाला, म्या काही इचारलं नाई. कायले इचारू? मागच्या साली ती तुह्यासाठी गेली तवा हातात एकच राह्यली होती." आता तिने मान वर केली. "तिनं जे तिथं ठेवलं, ते तू घरी घेऊन आली, पोरी. टेकोडेही आणले, आन् बांगडीही आणली."

जमना उठली. तिथल्या तिथे तिने बांगडी ओढायला सुरुवात केली. बांगडी निघेना. चढली तेव्हा कशी सुळकन चढली होती! पण पाचव्या महिन्यात हात सुजतात, त्यात काय नवल. घरी जाऊन तिने तेल लावलं, राख लावली, उदयसिंगने ओढलं तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. बांगडी करंगळीच्या हाडावर येऊन अडकायची.

"फोडतो," उदयसिंग म्हणाला आणि पाटा ओढला.

जमनाने हात मागे घेतला. नवरा समोर उभा असताना त्याच्याच हाताने बांगडी फोडायची? "तुमी जिते असताना?" ती म्हणाली. "तुमाले काही झालं म्हंजे? नाई. मी मरन पन हे करनार नाई."

त्याने समजावलं, तो चिडला, त्याने पाटा लाथेने सरकवला. ती ऐकेना. एवढ्यात तिने कंबर धरली. कळ आली होती. मागच्या दोन्ही वेळा आली होती तीच, कंबरेतून सुरू होऊन खाली उतरणारी. तिचा चेहरा पाहून उदयसिंगला काही सांगावं लागलं नाही.

"मी नाईकाची गाडी जुपून आणतो," तो दारातून ओरडला. "मंगरूळच्या दवाखान्यात नेतो तुले! हलू नको!"

तो गेला. घरात जमना एकटी राहिली. बाजेभोवती चारही पायांशी टेकोडे उभे होते. खाली आवाज चालू होता, टक टक, टक टक, घाईघाईने. पण पोटात काही हलत नव्हतं. तिने पोट दाबलं, चाचपलं, लेकराला हाक मारली. खालचा आवाज एकटाच चालला होता.

मंगरूळ किती लांब, आणि वारूळ किती जवळ! जमनाने ओढणी कंबरेला आवळली आणि मागच्या दाराने निघाली.

६

उतारावर भर दुपारचं ऊन होतं. वारुळावर आता एकही टेकोडा नव्हता. मोडलेल्या देठांची जागासुद्धा बुजलेली. फक्त मागच्या बाजूचं ते एक भोक उघडं होतं, आणि चांगलं मोठं झालं होतं. हात जाईल एवढं.

नाग असला तर? जमनाच्या मनात आलं. वारुळात हात घालू नये, हे लेकरालाही शिकवतात. पण नाग निघाला तर एक मरण, आणि ही कळ अशीच राहिली तर तिसरंही लेकरू गेलं. तिने मुरमावर आडवं होऊन डावा हात आत घातला. मनगट. कोपर. दंड. गाल वारुळाला लागला. आत गार होतं आणि ओल्या मातीचा, टेकोड्यांचा वास येत होता.

"घ्या," ती म्हणाली. "म्या चुकून नेली. घ्या तुमची."

काही झालं नाही. दूर तांड्यावर कुत्रं भुंकत होतं.

मग तिच्या बोटांना बोटं लागली.

ती ओरडली नाही. ओरडायला हवं होतं, पण तिला तो स्पर्श ओळखीचा वाटला. लग्नात सासूने तिला बांगड्या चढवल्या होत्या तेव्हा हात असाच धरला होता: आधी पंजा दोन्ही हातांनी दाबून मऊ करायचा, अंगठा तळव्यात दुमडायचा, करंगळीचं हाड हलकेच आत घ्यायचं. तसंच झालं आता. गार, ओलसर बोटांनी तिचा पंजा चोळला. अंगठा दुमडला. करंगळीचं हाड दाबलं. आणि बांगडी तेलातून निघावी तशी निघाली.

जमनाला रडू फुटलं. "याडी," ती म्हणाली. आईला तांड्यात याडी म्हणतात, आणि सासूलाही ती तेच म्हणायची. "याडी, लेकरू हलत नाई हो."

बोटं थांबली. पण हात सुटला नाही. ती बोटं तिच्या मनगटावरून वर सरकली, तिच्या स्वतःच्या बांगड्यांवर, एकीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर. बाजारात म्हातारी बाई वांगी चाचपते तशी, शांतपणे, घाई न करता. आणि तेव्हा जमनाला कळलं की आणखी बोटं आहेत. तिच्या कोपराजवळ, दंडाजवळ. गोमतीबाईचे काही एवढे हात नव्हते.

तिने डोळे मिटले. "घ्या," ती पुन्हा म्हणाली. "माह्यातली एक घ्या. लेकराच्या नावानं."

पंजा पुन्हा चोळला गेला. अंगठा पुन्हा दुमडला. या वेळी बोटं सासूची नव्हती. लांब होती, आणि त्यांना हाडं नसावीत.

बांगडी निघाली त्या क्षणी तिच्या पोटात लेकराने अशी लाथ मारली की तिने हिसका देऊन हात बाहेर काढला. दंडापर्यंत पांढरी माती लागली होती. भोक तिच्या डोळ्यांसमोर बुजत गेलं, आतून, हळूहळू, कोणी ओल्या हाताने लिंपून घ्यावं तसं. लिंपताना बोटाचं एक टोक दिसलं. पांढरं. नख नसलेलं.

घर रिकामं पाहून उदयसिंग तिला शोधत गाडी घेऊन नाल्याशी आला तेव्हा जमना पाण्यात उभी राहून हात धूत होती आणि हसत होती. कळ थांबली होती.

"हलून राह्यलं!" तिने पाण्यातूनच ओरडून सांगितलं. "पाहा तुमी, कसं हलून राह्यलं!"

७

पौषात मुलगी झाली. गोल, गोरी, फणकारा मारणारी. आजीचं नाव ठेवलं. उदयसिंगने पोहरादेवीला नवस फेडला आणि तांड्याला जेवण घातलं. घरातले टेकोडे जमना वारुळावरून परतली त्या दुपारीच सुकून गेले होते, आवाजही थांबला होता. उदयसिंग अजून सांगत असे, रॉकेलनं उधई मेली.

"तुही एक बांगडी कुठं गेली?" त्याने एकदा विचारलं.

"वाढवली," जमना म्हणाली. हा शब्द कुठे ऐकला होता ते आठवून तिचं तिलाच कसंतरी झालं.

पुन्हा भादवा आला. पहाटे आभाळ कडाडलं तशी जमना, कोणी उठायच्या आत, उतारावर जाऊन आली. कोणी न मागताच एक बांगडी बुजलेल्या भोकाशी ठेवून आली, एकही टेकोडा न घेता. हात भरून बांगड्या होत्या अजून, दंडापर्यंत. एवढ्या संपेपर्यंत पोरगी मोठी होईल, ती मनाशी म्हणत होती. परत येताना तिला इतकं हलकं वाटत होतं की नाल्यातले दगड तिने उड्या मारत ओलांडले.

त्या दिवशी मानोऱ्याचा बाजार होता. संध्याकाळी उदयसिंग आला तो दारातूनच गाजावाजा करत.

"गोमती! ए माह्या माय! पाह्य तुह्या बापानं काय आणलं!"

त्याने पागोट्याच्या शेवातून काढल्या. हाडाच्या बांगड्या. एवढ्याशा, रुपयाएवढ्या, दोन्ही हातांसाठी. जमना चुलीपाशी होती. तिने "थांबा" म्हणेपर्यंत त्याने पोरीला सारवलेल्या भुईवर मांडीशी बसवून त्या चढवल्यासुद्धा होत्या. कमलीबाई कौतुकाने पाहत उंबऱ्यात बसली. पोरीने आपले भरलेले हात पाहिले, तिला भारी मौज वाटली, आणि तिने दोन्ही मनगटं एकमेकांवर आपटली.

टक टक.

भुईच्या खालून आवाज आला. टक टक.

"आली पाह्य पुन्हा उधई!" उदयसिंग हसत म्हणाला. "उद्या रॉकेल आणतो."

कमलीबाई हसली नाही. जमनाने धावत येऊन पोरीचा हात धरला आणि बांगडी ओढली. ती निघेना. दुसरी ओढली. तीही निघेना. पोरीला वाटलं आई खेळतेय. ती खुदुखुदु हसली. मग तिने मोकळा हात खाली भुईकडे नेला, पंजा मिटून, अंगठा आत दुमडून. असा हात करायला तिला कोणीही शिकवलं नव्हतं.